तीन कप आणि एक मिशी

“मिशी पणाला लावतो!” प्लंबर म्हणाला. “काकांनी डोळे बांधून तीन चिनी चहा ओळखले, तर भर अंगणात मिशी उतरवीन.”

जिन्यात जमलेले सगळे त्याच्या तोंडाकडे बघू लागले. मिशी साधीसुधी नव्हती. दोन्ही टोकांना पीळ, रोज तेल. आपल्यापेक्षा तिचेच लाड जास्त होतात, असं त्याची बायको सांगायची.

“आणि नाही ओळखले तर?” शिवणकाम करणाऱ्या मावशींनी विचारलं.

“वर्षभर माझ्या सगळ्या फाटक्या पँटी फुकट शिवायच्या.”

“लागली पैज. पण तुझा काडीचा भरवसा नाही, मेल्या. चाखणं होईपर्यंत तू दाराबाहेर.”

“कबूल.”

काका राहायचे तिसऱ्या मजल्यावर. जन्मभर एका कंपनीत चहा चाखायची नोकरी केलेली. पाठीमागे सगळे त्यांना नाकोबा म्हणायचे. रविवारी ते शेजाऱ्यांना बोलवायचे, चिनी पानांचे डबे उघडायचे. पहिलं पाणी ओतून द्यायचं, झाकण हुंगायचं, मग फुर्रर्र करून घोट. कुणी घाई केली की म्हणायचे, “थांब रे, पान तर उघडू दे.” पण कित्येक महिने ते रविवार बंद होते. नाकोबांचं नाक गेलं, अशी कुजबुज जिन्यात सुरू झाली होती.

नाक गेलंच होतं. प्लंबरला ते पक्कं माहीत होतं, कारण घालवलं त्यानेच होतं.

करायची होती नुसती गंमत. “काका, नवा माल आलाय,” म्हणून त्याने डबा पुढे केला. वर चार पानं, खाली तपकीर. काकांनी सवयीने नाक पार आत खुपसलं. मग ज्या शिंका सुरू झाल्या! प्लंबर हसून हसून लोळला. पण त्याच आठवड्यात काकांनी त्याला घरी बोलावलं. आपला लाडका डबा उघडला, हुंगला आणि हळूच खाली ठेवला.

“काही येत नाही रे. याच्या जिवावर जगलो आयुष्यभर. कुणाला बोलू नकोस. तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”

तेव्हापासून प्लंबरला अन्न गोड लागेना. काकांची भाजी तो आणायचा, औषधं तो आणायचा, फरशी तो पुसायचा, सिंकमधले चहाचे कप तोच विसळायचा. बायको म्हणाली, “सासऱ्यांचं तरी इतकं केलंस का कधी?” काका मात्र एका शब्दाने रागावले नाहीत. एकदाच काय ते, पिशवी टेबलावर टेकते न टेकते तोच म्हणाले, “कोथिंबीर शिळी आहे. बदलून आण.” तो धावत गेला.

आणि आता ही कुजबुज. ती कायमची बंद करायला त्याने पैज लावली होती. हरण्यासाठीच.

“काका, नीट ऐका,” शनिवारी तो दार लावून म्हणाला. “कप माझे. कड उडालेला तो हिरव्या चहाचा. बूड खरखरीत तो पांढऱ्या चहाचा. गुळगुळीत तो ऊलाँग चहाचा. पानं मीच कपात घालून, कुठल्या कपात काय ते चिठ्ठीवर लिहून ट्रे मावशींना देतो. त्या फक्त गरम पाणी ओततील. तुम्ही बोटांनी चाचपायचं आणि सांगायचं.”

“म्हणजे लबाडी.”

“लबाडीनेच गेलंय ना काका? लबाडीनेच परत येऊ दे.”

काकांनी त्याची मिशी एकदा नीट न्याहाळली.

“बरं,” ते म्हणाले. “तू म्हणतोस तर.”

रविवारी काकांच्या घरात अख्खी बिल्डिंग कोंबून बसली. मावशींनी दारातच ट्रे ताब्यात घेतला आणि दार प्लंबरच्या नाकावर आपटलं. त्याने फळीला कान लावला.

फुर्रर्र. त्याने कान आणखी घट्ट दाबला. चाचपा ना, काका!

“पांढरा,” आतून आवाज आला. “कोवळ्या कळ्या आहेत, लव असलेल्या. पाणी जरा जास्तच उकळलंत हो, बाई.”

टाळ्या. प्लंबरने श्वास सोडला. पुन्हा फुर्रर्र.

“हा हिरवा. कढईत भाजलेला.”

टाळ्या. फुर्रर्र.

“ऊलाँग. पण वर्षभर पडून राहिलेला. दुकानदाराने प्लंबरला टोपी घातली.”

आत हशा पिकला. बाहेर प्लंबरने कपाळावर हात मारला. पुरे की आता! सांगितलंय तेवढंच करायचं ना! म्हातारा भलताच नाटकी निघाला.

संध्याकाळी अंगणात खुर्ची मांडली. सलूनवाला वस्तरा घेऊन आला. पोरं कट्ट्यावर चढली, बायका गॅलरीत आल्या. समोरच्या मानाच्या खुर्चीत काका. जो तो त्यांना विचारत होता, “मग पुढच्या रविवारी यायचं ना?” आणि काका मान डोलवत होते. प्लंबरच्या ओठावर फेस चढला. पहिला फराटा बसला, डावी बाजू गेली. त्याला भरून आलं. इतक्या महिन्यांचं ओझं केसांबरोबर खाली पडत होतं.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत मावशी आल्या. हातात ट्रे, ट्रेमध्ये तीन कोरडे कप.

“हे घे तुझे. एकाची कड उडालेली, एकाचं बूड खरखरीत. चारचौघांत असले कप देतात का रे? मी पानं काढून माझ्या काचेच्या ग्लासांत घातली. तिन्ही अगदी एकसारखे.”

वस्तरा हवेतच थांबला. अर्ध्या मिशीच्या प्लंबरने मान वळवून काकांकडे बघितलं.

काका डोळे मिटून बसले होते. नाक वर करून त्यांनी एक लांब श्वास घेतला.

“साबण लिंबाचा. छान,” ते म्हणाले. “उद्या कोथिंबीर मात्र ताजी आण.”