कॅमेरा सोडून सगळं छान

“बॅटरी दिवसभर टिकते, बटणं मऊ आहेत, मांडी भाजत नाही. पण कॅमेरा? शुद्ध फसवणूक!” केळुसकरांनी लॅपटॉप दुकानाच्या काउंटरवर असा ठेवला, की शेजारचं गिऱ्हाईक दचकलं.

त्यांचा संताप रास्तच होता. खिशाला परवडणारा, पण रडतखडत न चालणारा लॅपटॉप शोधण्यात त्यांनी अख्खा उन्हाळा घातला होता. निम्मी सोसायटी त्यांच्या अभिप्रायासाठी खोळंबली होती. मुहूर्त पाहून त्यांनी तो घरी आणला, स्वतः यथासांग पूजा केली आणि पहिलाच व्हिडिओ कॉल लेकीला लावला. नातीने तिकडून डोकावून पाहिलं आणि भोकाडच पसरलं. आजोबांच्या जागी तिला लालभडक धुकं दिसत होतं.

“अहो, एकदा पुसून तरी बघा,” बायको म्हणाली होती. “तुला त्यातलं काय कळतंय?” असं म्हणत ते तडक रिक्षात बसले होते.

दुकानदाराने लॅपटॉप उघडला, पडद्याच्या वरच्या कडेला मधोमध निरखून पाहिलं आणि तिथून हलकेच रुमाल फिरवला. रुमालावर कुंकू उमटलं.

“काका, कॅमेरा इथेच असतो. तुम्ही नेमका याच्या कपाळाला टिळा लावलात.”

केळुसकरांनी पडद्यात पाहिलं. चित्र आता लख्ख होतं. मागच्या भिंतीचा पांढरा रंगसुद्धा अगदी पांढराशुभ्र दिसत होता. त्यांचा चेहरा तेवढा अजून लालच होता.