रिकामं ताट

टेबलावर तीन ताटं होती. दोन वाढलेली, एक रिकामं. रिकाम्या ताटापुढे समांतर विश्वातली इरा बसली होती. तिकडे तिची आई वारल्यापासून ती दर रविवारी इथल्या आईला भेटायला यायची. इथलं अन्न एक ग्रॅम जरी पोटात गेलं, तरी दारावरचा मापक ते टिपायचा आणि परतीचं दार दुसऱ्या दिवसापर्यंत उघडत नसे.

आई वाटून घेऊन इथली इरा थकली होती.

“चल बाई, उशीर होतोय,” ती पाहुणीला म्हणाली.

“जाते गं,” पाहुणी आईकडे बघत म्हणाली.

“‘येते’ म्हणावं, वेडाबाई! थांब जरा.” इथल्या इराने तिच्या तळहातावर दही ठेवलं.

पाहुणीने तिच्याकडे पाहिलं आणि हात चाटूनपुसून स्वच्छ केला.

दारावरच्या मापकाने आकडा दाखवला: अकरा ग्रॅम.