सुटलेली लेस

सिस्टरांनी सलाईन तपासलं, चार्टवर काहीतरी खरडलं आणि निघता निघता भिंतीवरच्या टीव्हीकडे बघून त्या दारातच थबकल्या.

"अगंबाई, हा पिक्चर! बंद नका करू हं काकू."

रिमोट आईच्या हातात होता. बटण दाबायला तिला जरासा उशीरच झाला. मांडीवरच्या ताटलीत सफरचंद होतं, अर्धं सोललेलं, काळं पडायला लागलेलं. पलंगावरच्या मुलीने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, पण सोलायला कुणाची परवानगी लागते?

"मी चार वेळा बघितलाय," सिस्टर म्हणाल्या. "चारही वेळा रडले. शेवटच्या शर्यतीत ती अशी काही सुटते ना..."

"शेवट सांगू नका," मुलगी म्हणाली. डॉक्टर येऊन गेल्यापासून पहिल्यांदाच तिने तोंड उघडलं होतं.

"अय्या, तुम्ही बघितला नाही?"

"बघितलाय ना. गुडघ्याखालचा."

सिस्टरांना काही कळलं नाही, पण पेशंट बोलली म्हणून त्या हसल्या. आई हसली नाही.

पिक्चरमधल्या धावपटू हिरॉइनचा चेहरा हिरॉइनचाच होता. पळणारे पाय मात्र या मुलीचे होते. ती स्वतः शर्यतीत पळायची त्या काळात मैदानावर पिक्चरवाली माणसं आली आणि तिच्या तोंडाकडे न बघता, नुसत्या पोटऱ्या बघून त्यांनी तिला निवडलं. बाहेर कुठे बोलायचं नाही, असं ठरलं होतं. म्हणून आईने फक्त गल्लीत सांगितलं. आणि नातेवाइकांत. आणि भाजीवालीला.

त्यातला डावा पाय उद्या सकाळी काढणार होते. मांडीतून, हाडातली गाठ आणखी वर सरकायच्या आत. डॉक्टरांनी "काही विचारायचंय?" म्हटलं, तेव्हा मुलगी "नाही" म्हणाली होती. पानात अजून भात वाढू का, म्हटल्यावर म्हणावं तसं. तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही आणि आईलाही रडू फुटेना. भूल उद्या द्यायची होती, पण दोघींना ती आजच चढल्यासारखी झाली होती.

"हिरॉइनने म्हणे खूप मेहनत घेतली," सिस्टर भिंतीला टेकून म्हणाल्या. "सगळं स्वतः पळाली. नाहीतर आपण. जिना चढलो तरी धाप."

आईने तोंड उघडलं. मुलीने नुसती मान हलवली. मग उघडलेल्या तोंडात आईने सफरचंदाची फोड टाकली.

शर्यत सुरू झाली. हा पिक्चर लागला की घरात सगळे याच जागेची वाट बघायचे. दुसऱ्या वळणावर डाव्या बुटाची लेस सुटलेली दिसते. शूटिंगच्या वेळी ती खरोखरच सुटली होती. दिग्दर्शकाला आवडली, त्याने राहू दिली. आणि दर वेळी आई टीव्हीवर ओरडायची, "अगं, बांध ती लेस, पडशील!" दर वेळी बाबा म्हणायचे, "निकाल लागून जमाना झाला. आता कसली बांधते ती!" आणि दर वेळी सगळे तेवढेच हसायचे.

वळण आलं. बूट आला. लेस फडफडत निघून गेली. खोलीत पंखा तेवढा कुरकुरत राहिला.

"आई."

"काय गं?"

"म्हणाली नाहीस."

आईने सुरी ताटलीत ठेवली. "विसरले."

"काहीही." मुलगी टीव्हीकडे बघतच नव्हती, आईकडे बघत होती. "थांब. जिंकल्यावर परत दाखवतात, हळू करून."

पडद्यावर हिरॉइनचा घामाघूम चेहरा आला. सिस्टरांनी रुमाल काढला. पाचवी वेळ.

मग पाय आले. चवडा टेकला, पोटरीची शीर न् शीर ताणली, मातीचा बारीक फवारा उडाला. लेस सावकाश वर गेली, सावकाश खाली आली.

आई टीव्हीकडे वळली. नेहमीसारखं ओरडता काही आलं नाही.

"अगं, बांध ती लेस," ती म्हणाली. "पडशील."

सिस्टर रडता रडता हसल्या. "काय काकू तुम्ही पण! तिला काय ऐकू जाणार आहे?"

पलंगाच्या पायथ्याशी, डाव्या बाजूला, पांघरूण किंचित हललं.