पुढची तारीख

रियाधच्या मलाझ भागात बदरुद्दीनच्या टॅक्सीची धडक बसून विभावरीचा पाय मोडला. पाय बरा झाला, तरी केस चालूच राहिली. कधी मुलांच्या परीक्षा, कधी ऑफिसची मीटिंग, म्हणून ती दर वेळी पुढची तारीख मागून घ्यायची.

आज मात्र ती कोर्टात गेली. "माझी काही तक्रार नाही," एवढंच म्हणाली आणि केस मिटली.

बाहेर बदरुद्दीन थांबला होता. "बरं केलंत, मॅडम. केस मिटेपर्यंत मला देश सोडायला बंदी होती."

विभावरी ओशाळली. "मला खरंच माहीत नव्हतं हो, बदरुद्दीनभाई. आता तरी लगेच रत्नागिरीला जाऊन या."

"आता घाई नाही, मॅडम. अम्मी गेल्या महिन्यातच गेली."