पाच वाजेपर्यंत एक माणूस

पडद्यावरचा हिरवा आकडा जावा या रुळलेल्या संगणकभाषेला मागे टाकून सुसाट पुढे गेला आणि खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. पन्नास हजार माणसं एकाच वेळी ‘माझं पार्सल कुठे आहे?’ असं विचारत होती. माणसं अर्थातच चाचणीपुरती, खोटी खोटी. एलिक्सर या नव्या भाषेत लिहिलेला तिचा सर्व्हर प्रत्येकाला धाप न लागता उत्तर देत होता. जावातल्या सर्व्हरने तीस हजारांवरच मान टाकली होती.

तीन महिने सगळं ऑफिस तिला ‘एलिक्सरताई’ म्हणून चिडवत होतं. सगळ्यांत पुढे तात्या. टीममधले सर्वांत जुने प्रोग्रामर आणि जावाचे बिनपगारी वकील. “नव्याचे नऊ दिवस,” ते म्हणायचे. “रस्त्यावर दगड भिरकावला तर जावावाल्यालाच लागेल. तुझी भाषा येणारे किती गं?”

“घोडामैदान जवळच आहे, तात्या,” ती म्हणायची. आज मैदान तिने मारलं होतं. टाळ्या वाजवल्या नाहीत त्या एकट्या तात्यांनी.

मॅनेजरबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “आकडे झकास आहेत. पण उद्या तू आजारी पडलीस तर हे कोण बघणार? ही भाषा शिकायला तयार असलेला एक माणूस पाच वाजेपर्यंत आण. नाहीतर जावा.”

एकच माणूस! तिला हसू आलं. एवढे हात आत्ताच तर वाजले होते.

पहिला म्हणाला, “भाषा भारीच आहे, पण पुढच्या नोकरीत मला ती विचारणार कोण?” सर्वांत जोरात टाळ्या वाजवणारीला नेमका तेव्हाच फोन आला, तो तिने कानाला उलटा धरला होता. तिसऱ्याने हात जोडले. “या वर्षात तीन भाषा शिकलो. बायको म्हणते, आता एकदा माझी शीक.”

साडेचारला ती आपल्या टेबलाशी परतली. तीन महिन्यांचे रविवार पाण्यात गेले होते. तिला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता. तिने बाईंना मेल लिहायला घेतला: जावा चालेल.

शेजारी खुर्ची सरकली. तात्या कोरी वही घेऊन बसले होते.

“जखमेवर मीठ चोळायला आलात?”

“बाईंना सांगून आलोय. तुझा माणूस मी. चल, पहिला धडा.”

“तुम्ही? तीन महिने तर नुसते हात धुऊन मागे लागला होतात!”

तात्यांनी पेनाचं टोपण काढलं. “पत्ते शोधणारा तो जुना सर्व्हर माहीत आहे ना, ज्याला कोणी हात लावत नाही? तो लिस्प भाषेत आहे. मीच लिहिलाय. बावीस वर्षांपूर्वी, याच खोलीत, जावाला हरवून. बंद पडला की अजून मलाच उठावं लागतं. स्वतःच्या लग्नातूनही उठलोय.”

तिने अर्धवट लिहिलेला मेल पुसून टाकला. त्यांनी वहीवर तारीख घातली.

“टाळ्या आजच्यापेक्षा जास्त पडल्या होत्या, पोरी. शिकायला कोणी आलं नाही.”