गाण्याचं गाव

"पुढचं गाणं येमेनचं!"

इस्रायलमधल्या डिमोना गावाच्या सभागृहात ओर्ली प्रत्येक नाचाआधी गाण्याचं गाव सांगायची, मग रिंगण फिरायचं. येमेन झालं, रुमानिया झालं, रशियाही झाला. सिगुलाआजी खुर्चीत अधीर होऊन बसली होती. आज नातीनं, ओर्लीनं, आजीच्या लग्नातल्या मेंदीच्या गाण्यावर नाच बसवला होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा इथं कोकणाचं नाव निघणार होतं.

"पुढचं गाणं कोकणातल्या आपल्या बेने इस्रायली ज्यूंचं! पूर्वजांनी रचलेलं!"

टाळ्या पडल्या. आजीचा चेहरा उतरला. गप्प राहिलं तर मान पदरात पडत होता. खरं बोललं तर गाणंच रिंगणाबाहेर जायचं.

"थांब गं बाय," ती उठलीच. "पूर्वजांचं कसलं? रेवदंड्याला आमच्या शेजारी चांगुणा कोळीण होती, तिचं गाणं ते. माझ्या मेंदीला तीच गायली. आम्ही फक्त त्यात आमच्या नवरीचं नाव घातलं. आता काढून टाक हवं तर."

ओर्ली खळखळून हसली. "अगं आजी, मघाचं रुमानियाचं तिथल्या मेंढपाळांचं होतं, रशियाचं शिपायांचं. शेजाऱ्याकडून न आणलेलं गाणं इथं आहेच कुठं?"

तिनं पुन्हा माईक उचलला.

"पुढचं गाणं रेवदंड्याच्या चांगुणा कोळणीचं! आणलंय आमच्या सिगुलाआजीनं!"

रिंगण फिरू लागलं. मधोमध आजीनं पदर खोचला आणि नातीचे हात फुगडीला धरले.

"आजी, गुडघे!"

"गुडघे डिमोनाचे. फुगडी रेवदंड्याची. फिर!"