साइकाचीचे काटे

चिमटा पुन्हा निसटला. सौमित्र कळवळला.

"हलू नकोस," जुई म्हणाली. "टोक आत मोडलं तर हात पिकेल."

बाभळीचा काटा सभ्य म्हणावा, असं हे साइकाचीचं झाड. काटा बोटाएवढा, आणि काट्यालाच वर काटे. शिकाऱ्यांनी त्याच झाडावर मचाण बांधलं होतं, कारण रानडुकराला त्याच्या जवळ फिरकायची भीती वाटत नाही आणि माणसाला वाटते. सौमित्र आज तिथे नुसता बघायला गेला होता. बंदूक आणि बंदुकीचा परवाना त्याच्या साहेबांचा. ऑफिसात ते प्रताप-सान, बाहेर दादा. आपल्या गाडीतून नवराबायकोला नागोयाहून डोंगरात हौसेने घेऊन आले होते. आता डुक्कर हाकून आणणाऱ्या म्हाताऱ्या ओकादा-सानच्या मांडीत गोळी लागली होती, त्यांना घेऊन ॲम्ब्युलन्स खाली गेली होती, आणि खालून पोलीस वर येत होते.

दादा शिकाऱ्यांच्या पत्र्याच्या शेडबाहेर फोनवर बोलत होते. जपानीत. जुई स्टेशनजवळच्या कोंबिनीत, चोवीस तासांच्या दुकानात, गल्ल्यावर उभी राहायची, हे त्यांना माहीत होतं. पण दुकानातल्या बाईला 'पिशवी हवी का' यापलीकडे काय येत असणार? पत्र्याआडून तिला शब्द नि शब्द ऐकू येत होता. नवीन मुलगा आहे. डुक्कर बघून घाबरला. माझ्या हातातली बंदूक ओढली. बार त्याच्याच हातून उडाला.

जुईचा हात थांबला.

"तू बंदूक ओढलीस?"

सौमित्रने दाराकडे पाहिलं. बायकोने काही विचारलं की साहेब कुठे आहे ते आधी बघायची त्याची सवय तशी जुनीच.

"नीट आठवत नाही गं."

"आत्ताचं?"

"सगळं पटकन झालं."

दादा आत आले. कातडी हातमोजे काढून त्यांनी हीटरवर हात शेकले. हातांवर ओरखडासुद्धा नव्हता.

"झालं का? आटप बाई. पोलीस यायच्या आत हात धुऊन पट्टी बांधून टाक. रक्त बघून उगाच गैरसमज व्हायचा त्यांचा."

"कसला गैरसमज, दादा?"

"अगं, ही माणसं जे दिसेल ते लिहून घेतात." दादा हसले. "तू घाबरू नकोस. बोलायला मी आहे. याने फक्त 'हाय, हाय' म्हणायचं. होय, होय. नवा माणूस, घाबरला, चुकला. वाकून माफी मागितली की निभावतं इथे. आता माझा परवाना गेला तर चौकशी कंपनीपर्यंत जाणार. मग तुमच्या व्हिसासाठी शब्द कोण टाकणार, सांग."

धमकी कशी द्यावी हे या माणसाकडून शिकावं. तिळगुळासारखी हातावर ठेवतो. परवाना नसलेल्या माणसाच्या हातून या देशात बंदूक सुटली, तर वाकून काही भागत नाही. दादांना ते पक्कं ठाऊक होतं. जुईलाही होतं. ठाऊक नसल्याचं सोंग फक्त सौमित्र आणत होता.

"दादा, मचाणाला शिडी आहे ना?"

"आहे की. आणि त्या बाजूचे काटे आम्ही दरवर्षी करवतीने कापतो. नाहीतर चढेल कोण?" हे सांगताना ते जरा फुशारलेच.

"मग याला एवढे काटे कुठे लागले?"

दादा हीटरची वात खालीवर करू लागले. बोलला सौमित्र, एकदम, शाळेतल्या पोरासारखा.

"मी खाली होतो. लघवीला उतरलो होतो. डुक्कर समोरच आलं आणि शिडी पलीकडे. मी खोडालाच मिठी मारली."

"दोन्ही हातांनी?"

"हो."

"आणि बार?"

सौमित्रने दादांकडे पाहिलं.

"सौमित्र," दादा मऊ आवाजात म्हणाले, "येताना आपलं काय ठरलंय?"

जुईने नवऱ्याचे हात पाहिले. डावा तिनेच स्वच्छ केला होता. एकेक काटा उपटून, कोमट पाण्याने पुसून, वर मलम लावून. गुणी बायकोसारखं. दादा आटप म्हणत होते आणि ती आटपत होती. उजवा तेवढा राहिला होता. मनगटापासून बोटांपर्यंत काळी टोकं. चाप ओढायच्या बोटात दोन, आरपार जायचीच काय ती बाकी.

तिने चिमटा पेटीत टाकला आणि झाकण लावलं.

"हे काय?" दादा म्हणाले. "अर्धवट कशाला सोडतेस?"

"राहू देत."

"अगं, पिकेल तो हात."

"पिकू दे."

"तुला कळतंय का काय करतेस? उद्या सामान बांधावं लागेल दोघांना."

"बांधू. तुरुंगात तर सामानही नेऊ देत नाहीत, दादा."

बाहेर खडीवर चाकं वाजली. गाडीची दारं लागली, एक, मग दुसरं. दादा उठले. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून त्यांनी क्लायंटपुढचा चेहरा चढवला आणि दाराकडे निघाले. जाताना सौमित्रच्या खांद्यावर हात ठेवला आणि जरा दाबला.

जुईने सौमित्रचं मनगट धरलं. उजवा हात टेबलावर, खिडकीच्या उजेडात, उताणा ठेवला.

"झाकू नकोस," ती म्हणाली.

दार उघडलं. सौमित्रने दादांच्या पाठीकडे पाहिलं आणि मूठ मिटायला घेतली. काट्यांनी ती मिटू दिली नाही.